प्राण कंठाशी : खर्डा, मानेतला ठोका आणि नोंद न झालेली शरीरे

१/
खर्डा हे नाव उच्चारले की इतिहासाच्या वाचकाला एकच तारीख आठवते : ११ मार्च १७९५. मराठे आणि निजाम यांची ती गाजलेली लढाई. मी त्याच खर्ड्याची. गावच्या भुईकोटाच्या सावलीत बसून मी शाळेचे धडे पाठ केले आहेत. तरीही आजच्या थ्रेडचा विषय तोफा आणि तह हा नाही. विषय आहे मानेतला ठोका. माझ्या मानेच्या दोन्ही बाजूंना तो उघड्या डोळ्यांना दिसेल असा उडतो, आणि तो ओळखला गेला त्याला आता अकरा वर्षे झाली. या ठोक्याला इतिहास आहे. सुश्रुतापासून निघून डब्लिन, पिंपरी आणि जामखेड अशी वळणे घेत तो आमच्या उंबऱ्यापर्यंत येतो.

२/
आधी लढाई, कारण गावाचा मान राखल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. पेशवे सवाई माधवराव तेव्हा वीस वर्षांचे होते. कारभार नाना फडणिसांच्या हाती, सैन्याची सूत्रे परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजा एका निशाणाखाली उभ्या होत्या. मराठी सत्तेचे सारे मोठे सरदार असे एकत्र आले ते या लढाईत शेवटचेच. शिंद्यांची कवायती पायदळे पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली लढत होती, तर निजामाची कवायती पलटणे रेमंड या दुसऱ्या फ्रेंचाने घडवली होती.

३/
निकाल लागला तो रात्री. दिवसाची झुंज थांबल्यावर मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांसाठी पाणी शोधत एका ओढ्यावर गेली. तेथे निजामाची माणसे होती. त्यांनी बार काढले. जवळच असलेल्या रेमंडच्या पहारेकऱ्यांनीही काढले. भरल्या बंदुका उशाशी घेऊन निजलेली फळी खडबडून जागी झाली आणि अंधारात दिसेल त्या दिशेला गोळ्या सुटू लागल्या. गोंधळ आवरेना. त्याच रात्री निजाम अली खान मागे सरला आणि खर्ड्याच्या कोटात शिरला. पुढे कोंडी झाली आणि तह करावा लागला. ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या इतिहासात हा प्रसंग तपशिलाने सांगितला आहे.

४/
हा प्रसंग वाचताना माझे लक्ष दरवेळी एकाच जागी जाते. त्या रात्री झोपेतून उठलेल्या हजारो माणसांच्या गळ्यात काय उडत असेल? भीती वाटली की हृदय जोराने चालते आणि मानेतल्या धमन्या धडधडतात. फौज कोणाचीही असो, शरीर एकच. ‘प्राण कंठाशी आले’ असे आपली भाषा म्हणते. निरोगी माणसाचा हा ठोका भीती ओसरली की शांत होतो. माझा होत नाही. मी घाबरलेली नसते, धावतही नसते. ग्रंथालयात मोडी वाचत बसलेली असते, आणि गळ्यात मात्र ती खर्ड्याची रात्र चालू असते.

५/
असे जगणे कसे असते, हे एकदा सरळ सांगते. दिवसा, कामाच्या नादात, ठोका विसरता येतो. रात्री डाव्या कुशीवर वळले की तो उशीतून कानात येतो. बंद गळ्याचा कुर्ता मला घालवत नाही. काही दिवस गळ्याभोवती कोणी उपरणे आवळून धरल्यासारखा दाब असतो, जबड्याखाली भरून आल्यासारखे वाटते. वेदना म्हणावी अशी ती नसते. त्यामुळे डॉक्टरांपुढे नेमके काय सांगावे, हे मला बरीच वर्षे कळत नव्हते. ‘मान दुखते’ म्हटले तर ते खोटे, आणि ‘मानेत कोणीतरी दार ठोठावते’ म्हटले तर ऐकणारा हसतो.

६/
कारण सोपे आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जाते. त्या दारावर तीन पाकळ्यांची झडप असते. रक्त बाहेर गेले की ती मिटते, म्हणजे गेलेले परत येत नाही. माझी झडप पूर्ण मिटत नाही. बाहेर टाकलेल्या रक्तातला काही भाग पुन्हा आत गळतो. मग पुढच्या ठोक्याला हृदय नेहमीचे अधिक गळलेले असे दोन्ही मिळून जोराने फेकते. धमनी एकदम ताठ भरते आणि लगेच रिकामी पडते. रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. निरोगी माणसात १२० आणि ८० असे आकडे असतील, तर विकार तीव्र झाल्यावर ते १६० आणि ५० असेही दिसू शकतात.

७/
हा धक्का सर्वांगात पोहोचतो, पण दिसतो मानेत. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या धमन्या हृदयाच्या जवळ आहेत आणि त्यांच्यावर मांसाचे आवरण थोडे आहे. आणखी एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. पायऱ्या चढताना मला ठोका कमी जाणवतो, निजल्यावर जास्त. हृदय भरभर चालते तेव्हा दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो आणि गळतीला अवधी मिळत नाही. विसाव्यात तो अवधी वाढतो. म्हणून ‘चालताना तर ठीक असतेस, मग पडल्यावर काय होते?’ हा प्रश्न मला शंका घेण्यासाठी विचारला जाई, तेव्हा खरे तर त्यातच रोगाची खूण होती.

८/
झडप बिघडली कशी? त्यासाठी खर्ड्याहून पश्चिमेकडे, उसाच्या पट्ट्यात जावे लागेल. जामखेड, पाथर्डी आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आमचे घर त्यांतलेच. मी नऊ वर्षांची असताना फडाजवळच्या कोपीत माझा घसा बसला, ताप आला. तो आपोआप उतरला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटे. जवळच्या गावात दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या मिळाल्या. सूज गेली, आणि सगळे संपले असे सर्वांना वाटले.

९/
संपले नव्हते. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढता लढता शरीर कधी कधी आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. यालाच संधिवाती ताप म्हणतात. सांधे बरे होतात, झडपेवरचा व्रण राहतो. तो दिसायला वर्षे लागतात. मी चौदा वर्षांची झाले तेव्हा आजीने केस विंचरताना विचारले, “आगं, तुझ्या मानंत हे काय उडतंय?” गावातल्या एका डॉक्टरांनी ‘वयात येताना असे होते’ म्हणून परत पाठवले. आजीचे समाधान झाले नाही. तिने आईला फडावरून बोलावून घेतले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी इको तपासणीत झडपेची गळती दिसली.

१०/
आजीच्या जोडीला एक फ्रेंच नाव ठेवते. १८४२ साली कवी आल्फ्रेद द म्युसे आई आणि भावाबरोबर न्याहारीला बसला होता. त्याचे डोके हृदयाच्या ठोक्यागणिक हलते आहे, हे भाऊ पोल याच्या ध्यानात आले. म्युसेने अंगठा आणि तर्जनी मानेवर दाबून धरली, तेव्हा डोके हलायचे थांबले. पोलने पुढे भावाच्या चरित्रात ही हकिगत लिहून ठेवली. म्युसे १८५७ साली वारला. १९०० मध्ये देल्पेश या वैद्याने या लक्षणाला म्युसेचे नाव दिले. वैद्यांच्या आधी ते घरच्या माणसाने पाहिले होते. फरक एवढाच, की म्युसेचा भाऊ लिहिणारा होता आणि माझी आजी अंगठा उठवणारी.

११/
आता मागे जाऊ. मानेतल्या या वाहिन्यांना आपल्याकडे फार जुनी नावे आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांची गणना आहे. तीत कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना चार धमन्या सांगितल्या आहेत : दोन ‘नीला’ आणि दोन ‘मन्या’. त्यांना इजा झाली तर माणूस मुका होतो, आवाज बिघडतो किंवा चव कळेनाशी होते, असे तेथे म्हटले आहे. मानेतल्या ‘मातृका’ नावाच्या शिरांना इजा झाल्यास मात्र तत्काळ मृत्यू सांगितला आहे. ही नावे शस्त्रकर्म करणाऱ्याच्या अनुभवातून आली आहेत. कोठे हात लावू नये, हे त्याला माहीत असणे आवश्यक होते.

१२/
नाडीपरीक्षा त्या मानाने पुढची. तिचे स्पष्ट वर्णन शार्ङ्गधरसंहितेत येते. वैद्य अंगठ्याच्या मुळाशी बोटे ठेवतो आणि नाडीची चाल ओळखतो. वाताची नाडी सर्प किंवा जळूसारखी, पित्ताची कावळा किंवा बेडकासारखी उड्या घेणारी, कफाची हंस किंवा पारव्यासारखी संथ. शहरी वाचकाला या उपमा मौजेच्या वाटतील. पण ज्या काळात ठोका मोजायला सेकंदकाटा नव्हता, त्या काळात त्याचा आकार लक्षात ठेवण्याची ती पद्धत होती. माझ्या मनगटावर बोट ठेवणाऱ्या जुन्या वैद्यालाही बेडकाची उडी आठवली असती, असे मला वाटते. तिचे कारण झडपेत आहे, हे मात्र त्याला हाताला कळण्यासारखे नव्हते.

१३/
ते कारण कळण्यासाठी रक्त वर्तुळात फिरते हे आधी कळावे लागले. विल्यम हार्वेचा त्याविषयीचा ग्रंथ १६२८ सालचा. म्हणजे शिवरायांचा जन्म अद्याप व्हायचा होता. १८१६ मध्ये लेनेकने स्टेथोस्कोप शोधला आणि वैद्याचा कान छातीपर्यंत पोहोचला. त्यानंतर १८३२ साली डोमिनिक कॉरिगन या आयरिश वैद्याने एक निबंध प्रसिद्ध केला. वय तिशीच्या आत. डब्लिनच्या जर्व्हिस स्ट्रीट रुग्णालयात त्याच्या वाट्याला अवघ्या सहा खाटा होत्या. आपण ज्या रुग्णांना वारंवार आणि नीट पाहू शकतो त्यांच्यावरच त्याने भर दिला.

१४/
कॉरिगनने लिहिले ते असे : महाधमनीची झडप मिटत नसेल तर डोके, मान आणि हात यांच्या धमन्या डोळ्यांना उडताना दिसतात. तोवर अशा मानेला धमनीची गाठ समजण्याची चूक होत असे. त्याने कानाच्या आधी डोळ्यांवर विश्वास ठेवला. या नाडीला आजही त्याचे नाव आहे. तिचे दुसरे नाव ‘जलहातोडा नाडी’. त्या काळी एक खेळणे मिळे : काचेची बंद नळी, आत थोडे पाणी, हवा काढून घेतलेली. नळी उलटी केली की हवेचा अडथळा नसल्याने पाणी एकदम आदळे आणि हातोडा मारल्यासारखा आवाज होई. थॉमस वॉटसन या इंग्रज वैद्याला ही नाडी पाहून ते खेळणे आठवले.

१५/
ठोका धमनीचा, पण गळ्यातल्या दाबाची गोष्ट बऱ्याचदा शिरांची असते. हृदय थकले की परत येणारे रक्त तुंबते आणि मानेच्या शिरा फुगतात. इटलीच्या लान्चिसीने मानेतल्या शिरांचे उडणे अठराव्या शतकाच्या आरंभी नोंदवले होते. त्याचे खरे वाचन केले ते जेम्स मॅकेन्झी याने. हा कोण्या मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. इंग्लंडमधल्या बर्नली या गिरणगावात तो साधा कुटुंबवैद्य होता. एका घड्याळजीच्या मदतीने त्याने मानेची आणि मनगटाची नाडी एकाच वेळी कागदावर रेखणारे यंत्र बनवले. नाडीच्या अभ्यासावरचा त्याचा ग्रंथ १९०२ साली निघाला.

१६/
मॅकेन्झी या वाटेला का लागला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. हृदयविकार असलेली एक तरुण स्त्री त्याच्या डोळ्यांसमोर बाळंतपणात दगावली. हे आधी ओळखता आले असते का, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि उत्तर शोधण्यासाठी त्याच गावातल्या त्याच माणसांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. कोणाचे हृदय बिघडूनही टिकते, कोणाचे खचते, हे एका भेटीत कळत नाही. त्यासाठी रुग्णाच्या शेजारी राहावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, जामखेडला पोहोचल्यावर ती पुन्हा भेटणार आहे.

१७/
संधिवाती ताप हा गर्दीचा रोग आहे. एका खोलीत अनेकजण निजतात, एकाचा घसा दुसऱ्याला लागतो, औषध वेळेवर मिळत नाही. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकात घरे सुधारली, तसा हा रोग पेनिसिलिन येण्याआधीच ओसरू लागला होता. पेनिसिलिनने उरलेले काम केले. म्हणून तिकडच्या तरुण डॉक्टरांना तो आता बहुतांशी पुस्तकात भेटतो. आपल्याकडे कोपीत भेटतो. ऊस हलला की कोपीही हलते, आणि तिच्यातले मूल कोणत्याच गावच्या यादीत नीट बसत नाही.

१८/
औषधाच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक मानाचे पान आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्यामागे होते. स्वतंत्र होऊन सात वर्षे झालेला देश आपले पेनिसिलिन आपण बनवू पाहत होता. त्याच दशकात दीर्घकाळ रक्तात टिकणारे बेंझाथिन पेनिसिलिन जगभर वापरात आले. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला ते ठरावीक दिवसांनी देत राहिले, तर घसा पुन्हा धरत नाही आणि झडपेवर नवा घाव बसत नाही. झालेला व्रण मात्र त्याने भरत नाही.

१९/
ते इंजेक्शन मी दर एकवीस दिवसांनी घेते. बारा लाख युनिट, कमरेखाली, घट्ट पांढरे औषध. त्या दिवशी बसताना जपून बसावे लागते. वर्षाला सतरा इंजेक्शने धरली तर आजवर १९० च्या आसपास झाली असतील. औषध महाग नाही. कठीण आहे ते एकवीस दिवसांचे गणित, कारण तोडणीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. माझे निदान झाले त्या वर्षापासून मला फडावर नेणे बंद झाले. मी आजीजवळ खर्ड्यात राहिले. मागची मुलगी शिकली ती त्यामुळे. माझे पदव्युत्तर शिक्षण एका अर्थी या गळक्या झडपेनेच मला दिले.

२०/
आता जामखेड. खर्डा याच तालुक्यातले गाव. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येथे आले आणि त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी मुलूख, तुटपुंजे दवाखाने. गावोगाव प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा पहिला बेत नीट चालला नाही. बाहेरून आलेल्या परिचारिकेला खेड्यात एकटे राहणे कठीण, आणि गावालाही ती परकी. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या. आठवड्याच्या आठवड्याला त्या जामखेडला येऊन शिकत आणि परतून गावाला शिकवत.

२१/
या बायका बाळंतपणे करू लागल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या, रक्तदाब मोजू लागल्या. ज्यांच्या हातचे पाणी पूर्वी कोणी घेत नसे, त्यांच्यापुढे गावाने दंड पुढे केला. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, तेव्हा जगासमोर असलेल्या मोजक्या उदाहरणांत जामखेड होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर दिसू लागलेली ‘आशा’ ही कल्पना ज्या प्रयोगांच्या खांद्यावर उभी आहे, त्यांतला हा एक. बर्नलीच्या वैद्याने जे एकट्याने केले, ते येथे शेजारणींनी केले : त्याच माणसाला पुन्हा पुन्हा पाहणे.

२२/
माझ्यापुढे उद्या झडप बदलण्याचा प्रश्न येऊ शकतो. त्याचाही इतिहास थोडक्यात सांगते. १९५२ साली अमेरिकेत चार्ल्स हफनागेल याने याच विकारासाठी पहिली कृत्रिम झडप बसवली. तिच्यातल्या गोळीचा आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू येई. १९६० मध्ये स्टार-एडवर्ड्‌स झडप आली. १९९० साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत भारतात घडलेली चित्रा झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. आयात झडप परवडत नाही अशांसाठी ती मोठी गोष्ट होती. महाराष्ट्रात आता अशी शस्त्रक्रिया महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकते. धातूची झडप बसली की मात्र रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या जन्मभर.

२३/
येथे प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. गरोदरपणात शरीरातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि हृदयावर तेवढा भार येतो. रक्त पातळ करणाऱ्या नेहमीच्या गोळ्या पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात. म्हणून झडप कोणती आणि कधी, हे ठरवताना मला आयुष्याचे सगळे बेत टेबलावर मांडावे लागतात. घरात स्थळांची बोलणी सुरू झाली, तेव्हा एका नातेवाइकांनी आईला सुचवले, “पाहायला येतील तेव्हा तिला गळ्याभोवती ओढणी घ्यायला सांगा.” आई गप्प राहिली. मी ओढणी घेतली, आणि बोलणी सुरू होताच स्वतः काढून बाजूला ठेवली. पाहुणे चहा घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत.

२४/
त्या दिवसानंतर मी खर्ड्याची साधने वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागले. या लढाईवर बखर आहे, पोवाडे आहेत. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दफ्तरातली पत्रे छापून ठेवली आहेत. पेशवेकालीन कागदांत मोठ्या माणसांच्या प्रकृतीची काळजी पानोपानी भेटते. थोरले माधवराव क्षयाने खंगले आणि १७७२ साली थेऊरला वारले, तो सारा उतार आपल्याला ठाऊक आहे. खर्ड्याच्या विजयानंतर अवघ्या सात महिन्यांनी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्यात उंचावरून पडून गेले, त्याच्याही कहाण्या आहेत. पण ओढ्यावर पाणी शोधायला गेलेल्या स्वारांना कागदात नावेही नाहीत, मग नाडी कोठली? कागदावर शरीर येते ते कोणीतरी ते लिहिण्यायोग्य मानले तरच.

२५/
म्हणून शेवटी एक साधन दाखवते. आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असते. माझे इंजेक्शन झाले की आजी त्या तारखेवर कुंकवाचे बोट टेकवी. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण एकवीस घरे मोजता येत होती. पुढचे बोट कोठे पडायचे, ते तिला आधी ठाऊक असे. वर्ष संपले की ती दिनदर्शिका रद्दीत न टाकता पेटीत ठेवी. आजी तीन वर्षांपूर्वी गेली. पेटी माझ्याकडे आहे. त्या आठ वर्षांत फक्त दोन ठिपके चुकलेले आहेत, आणि दोन्ही वेळा ती स्वतः अंथरुणावर होती. संशोधनपद्धतीच्या तासाला सरांनी प्राथमिक साधन म्हणजे काय असे विचारले, तेव्हा मला पेशवे दफ्तराच्या आधी ही पेटी आठवली.

२६/
थ्रेड वाचणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. मानेत ठोका दिसला म्हणजे झडप गेली असे नव्हे. ताप, रक्ताल्पता, थायरॉइड, कधी केवळ बारीक अंगकाठी यांमुळेही तो दिसतो. पण विसाव्यातही तो रोज उडत असेल, किंवा लहानपणी घसा धरून नंतर सांधे सुजले असतील, तर छातीला स्टेथोस्कोप लावून घ्या आणि डॉक्टर म्हणतील तर इको करा. आणि घरात कोणी ‘गळ्यात काहीतरी उडते’ असे म्हणाले, तर हसण्याआधी त्याची मान पाहा.

२७/
११ मार्चला आमच्या गावी लढाईची आठवण निघते. त्या दिवसांत माझे आईवडील बहुधा अजून फडावर असतात. मी किल्ल्यात जाते, तटावर बसते. संध्याकाळी वारा पडला की गळ्यातला ठोका स्पष्ट होतो. पूर्वी मी तो विसरण्यासाठी काहीतरी वाचायला घेत असे. आता बोट ठेवून मोजते आणि वहीत आकडा, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवते : खर्डा.